एक निळवं जवारी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, साल १९७७, ठिकाण साताऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराचा सोपा. रक्कम रुपये पाचशे, शंभराच्या पाच नोटा. हजर माणसं चार: रक्कम देणारे सांगलीचे एक सिनेमावाले, घेणारा माझा धाकटा भाऊ, जामीन म्हणून मी, आणि मधल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली माझी बायको. चौघांत तिलाच काय ते कळत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

बोली पंधराशेची होती. पाचशे आगाऊ, हजार काम पसंत पडल्यावर. काम काय, तर एक आवाज. गाणं नव्हे, वादन नव्हे, नुसता आवाज. मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर वीस वर्षं काढली होती. वाळू, खडी, फरशी, गवताच्या पेंढ्या, सगळ्यांची बिलं पास केली होती. आवाजाचं बिल माझ्यापुढे कधी आलं नव्हतं, म्हणून मी सिनेमावाल्यांना नीट समजावून सांगायला सांगितलं.

"असं बघा काका," ते म्हणाले, "बाई माळावरून चाललीय. पावणेदोन मिनिटं नुसती चाललीय. मागं मेंढरं. तिथं मला वाद्य नको. बासरी घातली की लोक म्हणणार, आला गुराखी. मला ऊन ऐकू यायला पाहिजे."

"ऊन?"

"ऊन."

"उन्हाला आवाज असतो?"

"असतो की," भाऊ म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

हा भाऊ पंधरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होता. बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. पेन्शन घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर सुटलेल्या बाकीच्यांनी जमिनीला विहिरी पाडल्या, एकाने पिठाची गिरणी टाकली. ह्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या मिलिटरी यंत्रांचे तुकडे पोत्याने आणले आणि स्वतःच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत बसवले. झाकण उघडलं की आत एकवीस बटणं, वायरींचा गुंता, आणि पुढच्या बाजूला जुन्या हार्मोनियमच्या बारा पट्ट्या. पट्टी दाबली की हार्मोनियमचा सूर येत नसे. कधी विजेच्या खांबाची गुणगुण येई, कधी लांबून विमान चालल्यासारखं वाटे, कधी काय तेच कळत नसे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा फौजेतला नंबर तसाच होता. यंत्राचं नाव सिंथेसायझर. बायको त्याला ट्रंक म्हणे, आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज असा काढी, की ट्रंकेत सवत ठेवली आहे.

रोख रक्कम हातात पडल्यावर भाऊ वहिनीकडे वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, शब्द देतो. ह्येंनी आवाज घेतला न्हाई, तर ट्रंक भंगारात वजनावर घालतो आन् पुण्याच्या कारखान्यात वॉचमनचं बोलावणं आलंय त्येला जातो. तुमचा सोपा मोकळा."

"कवापर्यंत?" तिने लगेच विचारलं.

"तीन आठवडं."

"मार्गशीर्ष लागायच्या आत," तिने पक्कं केलं, आणि मग चहा दिला.

मी जामिनाची सही केली. काम बुडालं तर पाचशे परत करायची जबाबदारी माझी. खरं सांगायचं तर सही करताना मी मनात आकडेमोड करत होतो, की पाचशे गेले तरी सोपा परत मिळतो, म्हणजे फार वाईट नाही. वॉचमनची नोकरी कायमची होती, वर युनिफॉर्म. पण वॉचमन हा शब्द उच्चारताना भावाने माझ्याकडे बघितलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते सांगतो. तो कसा काम करी हे मी इतकं जवळून बघितलं की आता मलाही ते येईल असं वाटतं. आधी दोन सूर लावायचे, जवळजवळ सारखे. मग त्यातला एक किंचित उतरवायचा. एवढा की फरक ऐकू येत नाही, पण दोघं एकमेकांत बसत नाहीत, आणि आवाज हेलकावू लागतो, पाण्यात घागर हलावी तसा. मग तो आवाज गाळायचा. त्यासाठी एक बटण होतं, त्याला भाऊ गाळणी म्हणे. गाळणी बंद केली की आवाज जाड, भिंतीपलीकडचा. हळूहळू उघडली की धार येई. ऊन वाढताना जशी माळावरची झळ वर चढते तशी गाळणी उघडली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो मिनिट-दीड मिनिट एकच बटण केसाएवढं केसाएवढं फिरवत बसे. फिरवून झालं की म्हणे, "न्हाई." पुन्हा पहिल्यापासून.

घोटाळा असा, की आमच्या घरात आणखी एक गाळणी होती.

"भावजी, गाळणी कुठाय?"

"बिघडलीया वैनी. खालचा आवाज गळाय लागलाय."

"माझी इचारतीय मी. चहाची."

"मला काय ठावं?"

"मग दुपारपासनं चहा कशातनं गाळू? तुमच्या ट्रंकंतनं?"

शिवाय बरणी. सिनेमावाल्यांनी एक स्पूलचा टेपरेकॉर्डर दिला होता. आवाज पुन्हा पुन्हा घुमावा, पहिला विरायच्या आत दुसरा त्यावर चढावा, म्हणून भावाने टेपेची दोन टोकं चिकटवून लांबलचक माळ केली. ती यंत्रातून निघून सोप्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीला वळसा घालून परत येई. बरणी रिकामी हलते म्हणून भरलेली लागे. सोप्यातून कोणी जायचं नाही. गेलंच तर वाकून. मी, सेहेचाळीस वर्षांचा कुटुंबवत्सल माणूस, सकाळी कचेरीला निघताना माझ्याच घरात टेपेखालून डबा सांभाळत ओणवा जात होतो. जेवायला लोणचं मागितलं तर भाऊ म्हणे, "दादा, चार मिन्टं थांबा, बरणीला हात लावू नगा."

शेजारच्या सुभेदारांच्या मंडळी एकदा भरदुपारी दारात आल्या. "आवं, म्हस वेली का तुमची? कवापास्नं वराडतीया बिचारी."

"आमच्याकडं म्हस न्हाई," बायको म्हणाली.

"मग काय हाय?"

"दीर."

अकराव्या दिवशी सिनेमावाले ऐकायला आले. भावाने टेप लावली. मला तो आवाज बरा वाटला, म्हणजे निदान पंधराशेतल्या आठशेचा वाटला. सिनेमावाल्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. स्वच्छ आहे. पण मेलेला आहे."

"म्हंजे?" भावाने विचारलं.

"तेच तर तुम्ही बघायचं. आमच्या जतच्या माळावर उभं राहिलं की कानात काहीतरी चुरचुरतं. ते नाही यात. हा आवाज दवाखान्यातला वाटतोय."

ते गेल्यावर भाऊ बराच वेळ ट्रंकेचं झाकण उघडझाप करत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंक, स्पीकर आणि टेपरेकॉर्डर घोंगड्यात बांधले आणि मिरजेची एस.टी. धरली. तिथे तंबोरे करणारे एक कारागीर होते, ट्रंकेतल्या हार्मोनियमच्या पट्ट्या त्यांच्याच दुकानातून आणल्या होत्या. त्यांच्याकडे राहून बघतो, म्हणाला. का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बरणी जागेवर आली, मी ताठ चालत कचेरीला गेलो.

मुदतीचे तीन दिवस राहिले होते तेव्हा कचेरीत मला ट्रंककॉल आला. साहेबांच्या टेबलावरच्या फोनवर, साहेब समोर बसलेले. तार इतकी खराब की जणू भाऊ त्याच्या यंत्रातूनच बोलत होता.

"दादा... समदं झालंय... फकस्त जवारी न्हाई!"

"काय नाही?"

"जवारी! जवारीवाचून अडलंय! ह्येंनी लय केलं माज्यासाठी, पर जवारी काय..." आणि फोन कटला.

साहेबांनी विचारलं, "काय हो, घरी काही अडचण?"

"नाही," मी म्हणालो. पण हिशेब लगेच जुळला. म्हणजे हा गडी सहा दिवस कारागिराच्या घरी फुकट जेवत होता, आणि त्या माणसाच्या घरातली ज्वारी संपली होती. आमच्या वडिलांनी आयुष्यात कोणाकडे दोन दिवसांच्या वर मुक्काम केला तर शिधा आधी पोचवला. आणि ह्याने पंधरा वर्षं सरकारी लंगरात जेवून एवढंही डोक्यात ठेवलं नव्हतं! परक्या घरात जवारी संपेपर्यंत खायचं, आणि मग भावाला फोन करायचा, तोही सरकारी वेळेत.

बायको माहेरी औंधला गेली होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. थांबायला वेळ नव्हता. तिच्या भावाने पाठवलेली शाळू कोपऱ्यातल्या कणगीत होती. मी त्यातली पंधरा किलो तोलून पोत्यात भरली, सुतळीने तोंड शिवलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एस.टी. स्टँडवर गेलो.

कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, पोतं वर टाका."

"वर टाकायचं नाही. फुटेल."

"जवारी फुटती व्हय? लाह्या हायत काय?"

बाकीचे हसले. मी लगेजचं तिकीट घेतलं, पोतं पायांत ठेवलं, आणि कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत पाय वर घेऊन बसलो. रस्ताभर मनात मी त्या कारागिराची माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत होतो.

कारागिराचं दुकान म्हणजे पुढे दुकान, मागे घर. छताला सुकणारे भोपळे टांगलेले. मध्ये चटईवर माझ्या भावाचा स्पीकर तोंड वर करून उताणा पडला होता, आणि कारागीर, साठीचे, चष्मा कपाळावर, त्याच्या कागदी पडद्यावरून आडवा दोरा ताणून बांधत होते. भाऊ ट्रंकेजवळ बसून एक जाड सूर चालू ठेवून होता. मला बघून दोघंही थांबले नाहीत.

मी पोतं शेजारच्या स्टुलावर टेकवलं आणि हात जोडले. "ह्याच्यामुळे तुमच्या घराला फार तोशीस पडली. ही थोडी जवारी आणलीय. राग मानू नये."

कारागिरांनी पोत्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग चष्मा डोळ्यांवर आणला. "पोत्यात जवारी?"

"शाळू आहे. औंधकडची."

मग जे झालं त्याचा मला आजही राग येतो. कारागीर हसताहसता चटईवर आडवे झाले. आतून त्यांच्या घरच्या माणसांनी डोकावून बघितलं. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, आवं ती जवारी न्हवं. तंबोऱ्याची जवारी!"

आता मला कोणी आधी सांगितलं होतं का? तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, म्हणजे तार मोकळी न वाजता घोडीला चाटून झणझणते, त्या झणझणीला म्हणे जवारी म्हणतात. भावाला त्याच्या मेलेल्या आवाजात ती घालायची होती. मिरजेत हे सगळ्यांना ठाऊक असेल. साताऱ्यात जवारी म्हटलं की भाकरी.

"आन् ती काय होईना झालीया," कारागीर उठत म्हणाले. "तीन रोज दोरं बांधतोय. ह्येला घोडी न्हाई, तार न्हाई. कागदाला कसली जवारी लावू? दोन तंबोरं रखडलं माजं ह्येच्या नादानं. गिऱ्हाईक रोज येऊन शिव्या देऊन जातंय."

मी म्हणालो, "मग तुम्ही नाही का सांगितलंत?"

"सांगितलं की. ऐकतोय कोण? फौजेतला माणूस."

ह्यावर मी भावाला बोलायला वळलो. बरंच बोलायचं होतं: अर्ध्या दिवसाची रजा, लगेज, ट्रंककॉल, साहेब. वळताना माझा धक्का स्टुलाला लागला. पोतं कलंडलं, मी घातलेला सुतळीचा टाका सुटला, आणि शाळूची धार सरळ उताण्या स्पीकरमध्ये. सूर चालूच होता.

आधी पाऊस पडल्यासारखा मोठा आवाज झाला. "अरं देवा!" मी खाली बसून दोन्ही हातांनी दाणे बाहेर काढू लागलो. खाली पडलेले पदरात घेतात तसे सदऱ्यात गोळा करत होतो. जसजसे दाणे कमी होत गेले तसतसा तो पाऊस उतरला. उरलेले दाणे पडद्यावर जागच्या जागी थरथरत होते. आणि जाड सुराच्या कडेला एक बारीक चुरचुर लागली. कोरडी. उभ्या कडब्यातून वारं जावं तशी, पण वारा नसताना.

"दादा, थांबा! उचलू नगा!"

"वाया जातीय रे!"

"हात काढा म्हणतोय न्हवं!"

त्याच्या आयुष्यात तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मी हात काढले. त्याने गाळणीचं बटण हळूहळू उघडलं. सूर वर चढला, तसे दाणे पडद्याच्या मध्यावरून कडेला सरकले आणि चुरचुर पसरली. त्याने बटण मागे नेलं, ती विरली. कारागीर चष्मा पुसत म्हणाले, "जवारी न्हाई ही. पर कायतरी हाय."

मग रात्री उशिरापर्यंत प्रश्न एकच: दाणे किती? भाऊ मुठीने टाकायचा, मुठीने काढायचा. एकदा जमलं की दुसऱ्यांदा जमत नव्हतं, कारण मागच्या वेळी किती होते हे त्याला माहीतच नसायचं. मला हे बघवेना. मी आतून धान्याची मापं मागवली. चिपटं टाकलं, पाऊस झाला. कोळवं टाकलं, गारा. निळवं, सगळ्यांत लहान माप, तेही शीग न लावता सपाट करून टाकलं, तेव्हा माळ झाला. "निळवं," मी म्हणालो. "सपाट. ह्याच्या वर एक दाणा नको." भावाने पट्टीला खडूने खूण केली, बटणांना खुणा केल्या, स्पीकरवर माइक टांगला आणि टेप चालू केली. बरणी त्यांच्याकडेही होती. टेपेचा वळसा तिला घातला गेला आणि कारागिराच्या घरचे ओणवे चालू लागले. मला जरा बरं वाटलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं टेप घेऊन सांगलीला सिनेमावाल्यांच्या ऑफिसात गेलो. वॉचमनच्या नोकरीचा कागद त्याच्या खिशात होता, हे मला दिसत होतं. मी हिशेब करून ठेवला होता: नापसंत झालं तर पाचशे माझ्याकडून, सोपा मोकळा, भाऊ पुण्याला. पण टेप सुरू झाली आणि मी माझ्या लक्षात यायच्या आत खुर्चीची कड घट्ट धरली होती. एवढं करून आता हा माणूस पुन्हा मेलेला म्हणाला तर मी त्याला काय बोलेन याचा नेम नव्हता.

सिनेमावाल्यांनी अर्धं ऐकलं, उठले आणि खिडकी लावली. परत बसले. मग पुन्हा उठून खिडकीची कडी बघितली.

"हे बाहेरचं आहे का आतलं?" त्यांनी विचारलं.

"आतलं," भाऊ म्हणाला.

"जतला जाऊन आणलंत?"

"मिरजेत. दादांच्या पोत्यातनं."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी टेप पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "घेतला."

भावाने खिशातला कागद काढला, चारदा घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल सिनेमावाल्यांचं होतं. त्यांना वाटलं, हा टेबल नीट करतोय, म्हणून ते आभार मानायला लागले.

हजारातून त्यांनी नऊशे मोजले. शंभर टेपेच्या स्पूलचे कापले म्हणाले.

"बोलीत स्पूल तुमचे होते," मी म्हणालो.

"काका, तुम्ही जामीन होता. वसुलीला कधीपासून आलात?"

"जामीन सुटला. आता मी भाऊ आहे."

पन्नास परत मिळाले. नऊशे पन्नास. परत जाताना मिरजेला उतरलो. कारागिरांनी जेवणाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, पण तीन दिवसांच्या मजुरीचे साठ घेतले.

"दोरा तर बसला नाही," मी म्हणालो.

"न बसणाऱ्या कामालाच जादा मेहनत हो साहेब." उरलेली शाळू त्यांनी ठेवून घेतली. तिच्या भाकऱ्या चांगल्या झाल्या, असं नंतर कळवलं.

घरी बायको कणगीजवळ उभी होती.

"घेतला का आवाज?"

"घेतला," भाऊ म्हणाला.

"म्हंजी सोपा गेला." तिने कणगीत हात घालून बघितलं. "आन् कणगी कुणी उपसली?"

मी सगळं सांगितलं. सुरुवातीला जवारी, मग जवारी, मग निळवं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "फोनवर जवारी म्हणलं म्हणून माझ्या भावानं दिलेली शाळू नेलीत. तूप म्हणलं असतं तर?"

भावाने ट्रंक सोप्यात जागेवर ठेवली, बरणी पुन्हा दुसऱ्या टोकाला आणून ठेवली, आणि त्याच बैठकीत, मी साक्षीला, पुढीलप्रमाणे रक्कम माझ्या बायकोला रोख अदा केली: शाळू पंधरा किलो, सातारच्या बाजारभावाने, रुपये एकवीस. सोप्याचं एका महिन्याचं भाडं, आगाऊ, रुपये वीस. एकूण एक्केचाळीस. तिने दोनदा मोजले, पदराला गाठ मारली आणि बरणी उचलून आत नेली. भाऊ "वैनी, ती बरणी—" म्हणाला, तेव्हा तिने आतूनच आकडा सांगितला, आणि त्याने आणखी साडेतीन रुपये दिले.